रात्री अडीचचा डॉक्टर कुणाच्या घरचा?



गेल्या महिन्यात स्वाध्याय संपल्यावर आमच्या श्राविका मंडळात चहा-पाणी चाललं होतं. तेव्हा एकीने मला सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, नातीला एवढ्या लांब कशाला पाठवलीत? आणि तिच्या रात्रीच्या जेवणाचं काय?" विचारणारी भलीच बाई आहे, कुत्सितपणे विचारलं नव्हतं. पण मला तिथे दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. घरी आले, दिवस बुडायच्या आत जेवून घेतलं आणि वही काढली. हे उत्तर त्या प्रश्नाचं आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी नात, म्हणजे लेकीची लेक, मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. घणसोलीला तिचं घर, कोपरखैरण्याला माझं. लोकलचं पुढचंच स्टेशन. आता ती इतकी दूर आहे की ठाण्याहून रात्रीची गाडी पकडावी तेव्हा सकाळी पोचते.

तिच्याबद्दल लिहिण्याआधी मला तिच्या आईबद्दल लिहायला हवं.

2001 साली माझी लेक बारावी झाली. हुशार होती. सीईटीत चांगले गुण मिळाले आणि विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. यांनी निर्णय माझ्यावर सोडला. ते मसाला मार्केटात हळदीच्या आडतीत दिवसभर अडकलेले, मुलांचं शिक्षण माझं खातं. मी सांगलीची बी.कॉम., हिशेब मांडायची सवय. मी तेव्हाही हिशेब मांडला. एका बाजूला लिहिलं: अंतर लांब, वसतिगृहात कांदा-लसूण-बटाटा, रात्रीचं जेवण, शिकून होईस्तोवर वय चोवीस-पंचवीस, मग स्थळं कुठली? दुसऱ्या बाजूला लिहिलं: डॉक्टर होईल. पहिली बाजू लांबलचक झाली, म्हणून तीच जड असं मी समजले. रकमा न लिहिता नुसत्या ओळी मोजल्या. बी.कॉम. झालेल्या बाईने असा हिशेब करावा, याची मला अजून लाज वाटते.

मी तिला म्हटलं, "जवळच बी.फार्म. कर, तेही औषधांचंच शिक्षण आहे." ती भांडली नाही. यादीचा कागद घडी करून तिने कपाटात ठेवला. मला वाटलं, तिला पटलं.

ती बी.फार्म. झाली, वेळेवर लग्न झालं, संसार चांगला आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून औषधं देण्याचं काम ती वीस वर्षं मन लावून करते आहे. तिने मला कधी बोल लावला नाही. पण 2025 मध्ये नातीचं नाव सरकारी कॉलेजच्या यादीत लागलं, त्या संध्याकाळी तिचा फोन आला. बातमी सांगितली आणि म्हणाली, "आई, एक मागते. या वेळी तू काही बोलू नकोस."

चोवीस वर्षांनी मला कळलं की तो कागद तिने कपाटात ठेवला होता, मनातून काढला नव्हता.

पण मला बोलावं लागलंच, कारण दोन दिवसांनी विहीणबाईंचा फोन. "तुम्ही नातीला समजावा. तुमचं ती ऐकते. एवढ्या लांब नको. इथे जवळ खासगीत बघू. काय लागतील ते पैसे उभे करू. घरी जेवेल, घरी झोपेल." त्यांचं चुकीचं होतं असं मी कसं म्हणू? शब्दन्‌शब्द माझाच होता, 2001 चा.

या वेळी मी हिशेब रकमा लिहून मांडला. तुमच्याही घरी हा प्रसंग येऊ शकतो, म्हणून नीट सांगते.

4 मे 2025 ला नीटची परीक्षा झाली. एकशे ऐंशी मिनिटांत एकशे ऐंशी प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. देशभरातून 22 लाखांच्या वर मुलं बसली. एमबीबीएसच्या सगळ्या जागा, सरकारी आणि खासगी धरून, साधारण सव्वा लाख. त्यात सरकारी कॉलेजच्या जागेसाठी किती चुरस असेल ते तुम्हीच बघा. आपल्या नवी मुंबईत एमबीबीएसची जी कॉलेजं आहेत ती खासगी किंवा अभिमत विद्यापीठांची आहेत. म्हणजे इथल्या मुलीला सरकारी जागा मिळाली तर घर सोडणं बहुधा आलंच. पूर्वी राज्यात 70:30 असा विभागवार कोटा होता, विदर्भाच्या आणि मराठवाड्याच्या मुलांच्या जागा वेगळ्या धरत. 2020 मध्ये तो रद्द झाला. आता गुणांप्रमाणे राज्यात कुठेही नंबर लागू शकतो.

कॉलेज कुठलंही असो, अभ्यासक्रम आणि परीक्षा सारखीच. राज्यातली सगळी सरकारी आणि बहुतेक खासगी मेडिकल कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. 1998 साली ते स्थापन झालं. मुंबईतल्या मोठ्या सरकारी कॉलेजातली मुलगी आणि आडगावच्या नव्या कॉलेजातली मुलगी एकच पेपर लिहितात आणि पदवीवर एकाच विद्यापीठाचं नाव येतं. मला हे ठाऊक नव्हतं. लांबचं कॉलेज म्हणजे कमी दर्जाची पदवी, असा माझा समज होता.

आता पैसे. सरकारी कॉलेजची फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास धरा. साडेचार वर्षांचे पावणेसात लाख. काही अभिमत विद्यापीठांत फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे आहे. वीसच धरले तरी साडेचार वर्षांचे नव्वद लाख. फरक सव्वात्र्याऐंशी लाखांचा. वसतिगृह आणि मेस सोडून द्या, तो फरक त्याने भरून निघत नाही. मी विहीणबाईंना म्हटलं, "ताई, मुलगी दिवसा जेवावी म्हणून आपण सव्वात्र्याऐंशी लाख देणार आहोत. आणि तरीही ती जेवेलच असं नाही, कारण पुढे वॉर्ड आणि रात्रीची ड्युटी तिथेही आहेच."

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पैशांचं नाही हो. धर्माचं आहे."

बरोबर आहे. प्रश्न धर्माचाच आहे. तिथेच मला थांबून बोलायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात रात्री यांच्या छातीत दुखायला लागलं. घाम आला, डावा हात जड झाला. शेजारच्या मुलाने गाडी काढली आणि आम्ही जवळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात गेलो. घड्याळात अडीच वाजले होते. ड्युटीवर एक मुलगी होती, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. बोलण्यावरून लातूरकडची वाटली. तिने ईसीजी काढला, गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं, वरिष्ठांना फोन केला, आणि सगळं करताना मला म्हणत राहिली, "मावशी, बसा. मी आहे." तासाभराने यांना बरं वाटलं तेव्हा ती कोपऱ्यात उभी राहून बिस्किटाचा पुडा फोडत होती. सकाळी आठ वाजता मी घरी निघाले तरी ती तिथेच होती.

मी तिचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. पण तेव्हा मला एकदाही वाटलं नाही की या मुलीने रात्री बिस्किट खाऊ नये. ती कुणाची तरी लेक होती. तिच्या आईने तिला घरापासून लांब पाठवलं होतं, रात्र-रात्र जागू दिलं होतं, लग्नाची घाई केली नसावी. म्हणून माझं कुंकू राहिलं.

मैत्रिणींनो, रात्री अडीच वाजता डॉक्टर आपल्याला हवाच असतो. फक्त तो दुसऱ्याच्या घरचा असावा, आपल्या घरची मुलगी दिवस बुडायच्या आत जेवून घरात असावी, अशी आपली सोय. याला मी धर्म म्हणत होते. आता मला म्हणवत नाही.

एक जुनी गोष्ट तुम्हाला आवडेल. फोर्टात मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे ना, तो 1878 मध्ये बांधून पूर्ण झाला. त्याला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, सुरतेहून मुंबईत आलेले जैन व्यापारी. टॉवरला नाव आईचं. असं सांगतात की त्यांच्या आईला दिसत नसे आणि त्या दिवसाच जेवणाऱ्या. घड्याळाचे ठोके ऐकून त्यांना संध्याकाळच्या जेवणाची वेळ कळावी, हाही मुलाचा हेतू होता. आणि नाशिकचं विद्यापीठ होईपर्यंत मुंबईतल्या ग्रँट मेडिकल, के.ई.एम., नायर, सायनच्या डॉक्टरांना पदवी देणारं विद्यापीठ तेच! मला ही गोष्ट फार आवडते. त्या मुलाने आईला "नियम सोड" म्हटलं नाही, आणि नियमासाठी तिला कुणाच्या तोंडाकडे बघायलाही लावलं नाही. नियम पाळता यावा म्हणून त्याने सोय उभी केली. आपण मुलींना नियम देतो, सोय देत नाही. नियम मोडला की बोलतो मात्र.

दुसरी गोष्ट आनंदीबाई जोशींची. आपल्या शेजारच्या कल्याणची. 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. परक्या थंड देशात शाकाहार आणि आपला वेष एकटीने सांभाळला. कोल्हापूर संस्थानाने त्यांना तिथल्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचं काम देऊ केलं होतं. पण परत आल्या त्या क्षयाने खंगून, आणि फेब्रुवारी 1887 मध्ये, बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत गेल्या. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडच्या बायकांना पहिली डॉक्टरीणबाई मिळता मिळता राहिली. आजार कशाने झाला हे मी सांगत नाही. पण एवढं वाटतं की व्रत सांभाळण्याचं सगळं ओझं एकट्या मुलीवर टाकू नये.

आता शास्त्राचं. मी पंडित नाही, पाठशाळेत आणि स्वाध्यायात ऐकलं तेवढंच माझं ज्ञान. भाद्रपदात आपण सोळाकारण भावना म्हणतो. त्यांत एक आहे शक्तितस्त्याग. आपल्या शक्तीप्रमाणे त्याग, शक्ती लपवायची नाही आणि शक्तीबाहेर ओढायचंही नाही. त्याच सोळांत वैयावृत्त्य आहे, म्हणजे सेवा. आपण ती मुनी-आर्यिकांच्या सेवेपुरती समजतो. पण आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर उभं राहणं ज्या मनाला जमतं, ते मन वैयावृत्त्यापासून फार लांब नसावं. श्रावकाच्या अकरा प्रतिमांत रात्रिभोजनत्यागाची प्रतिमा सहावी येते. पायऱ्या आहेत म्हणजे चढायला वेळही दिला आहे. आपण मात्र अठरा वर्षांच्या मुलीला सहाव्या पायरीवर उभी करून खालून ओरडतो, पडशील बघ.

कुणी म्हणेल, काकूंनी नातीसाठी सवलत काढली. तसं नाही. मी स्वतः दिवसाच जेवते आणि जेवत राहीन. नातही सोडून बसलेली नाही. तिच्या वसतिगृहाची मेस रात्री आठला उघडते. वर्गात आणखी दोघी दिवसा जेवणाऱ्या निघाल्या. तिघींनी मिळून मेसच्या मावशींना विनवलं आणि पावणेसहाला पोळी-भाजीचा डबा मिळू लागला, कांदा-लसूण वगळून. प्रात्यक्षिक लांबलं तर डबा हुकतो. त्या दिवशी ती काय करते हे मी विचारत नाही. पूर्वी सातच्या ठोक्याला फोन करून "दिवसा जेवलीस ना?" विचारत असे. एकदा ती म्हणाली, "आजी, तू विचारतेस म्हणून मी दोनदा खोटं बोलले." त्या दिवसापासून फोन बंद. रात्री खाल्लेला घास मोठा की माझ्या प्रश्नाने बोलवून घेतलेलं असत्य मोठं, हे तुम्हीच ठरवा. आता मी महिन्याला एक खोका पाठवते. दशम्या दोन दिवस टिकतात, त्या वाटेतच संपतात. पण राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट, लसणाविना शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे पुरतात.

प्राण्यांच्या हिंसेचंही विचारतात. एमबीबीएसला पूर्वी बेडकांवर वगैरे प्रयोग करावे लागत. गेली दहा-बारा वर्षं त्यांची जागा संगणकावरच्या प्रयोगांनी घेतली आहे. शरीररचनेसाठी मात्र माणसाचा मृतदेह अभ्यासावा लागतो. पहिल्या दिवशी मुलं त्या देहासमोर हात जोडून शपथ घेतात. त्या रात्री नातीचा फोन आला. फॉर्मेलिनचा वास हाताला येतोय, जेवण जात नाही म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आजी, ते एक आजोबा होते. कुणाचे तरी आजोबा." मला काय बोलावं सुचेना. देह वेगळा, आत्मा वेगळा, हे आपण किती वर्षं नुसतं ऐकतो. अठरा वर्षांची पोर ते रोज सकाळी समोर बघते आहे. मी एवढंच म्हटलं, "मग त्यांचा मान राख आणि नीट शीक." देहदानाचे दोन अर्ज आम्ही आणून ठेवले आहेत. यांनी सही केली. माझी अजून व्हायची आहे. मन धजत नाही, पण अर्ज देवघराच्या खणात आहे.

आता आपण काय करायचं, ते स्पष्ट सांगते.

पहिलं, ज्या मुलीला डॉक्टर व्हायचं नाही तिला नीटच्या घाण्याला जुंपू नका. 22 लाखांत सव्वा लाख, हे विसरू नका. मी बोलते आहे ती जागा मिळवलेल्या मुलीबद्दल. तिला जाऊ द्या. चंद्रपूरला जाऊ द्या, नंदुरबारला जाऊ द्या. 9 ऑक्टोबर 2024 ला राज्यात एका दिवशी दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. त्यात आपल्या जवळचं अंबरनाथ आहे, तसं गडचिरोलीही आहे.

दुसरं, कागद वेळेवर काढा. घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर आर्थिक दुर्बल घटक, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये काढला. खासगी अभिमत विद्यापीठांना तो लागू नाही, सरकारी कॉलेजांना आहे. आपल्या समाजात सगळे पेढीवालेच आहेत असं नाही. पेढीवर हिशेब लिहिणारेही आपलेच. दाखले बारावीच्या वर्षीच तहसीलमधून काढून ठेवा, ऐन प्रवेशाच्या धावपळीत मिळत नाहीत.

तिसरं, सरकारी कॉलेजातून शिकल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करायची असते. "कशाला खेड्यात पाठवायची?" असं आत्ताच बोललं जातंय. कृपा करून टाळू नका. लोकांच्या पैशातून ती शिकते आहे. चार दानांत औषधदान आहे ना आपल्याकडे? हे वर्ष तेच आहे.

चौथं, दान. आपल्या मंडळात बोल्या लागतात, मीही लावते. पण यंदा दशलक्षण पर्वात एक बोली अशी लावूया की कुठल्याही सरकारी मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या एका मुलीचा वर्षाचा मेसचा खर्च समाज देईल. तीन-चार मुली असतील तिथे दिवसाच्या डब्याची सोय करता येईल. प्रेमचंदांनी टॉवर बांधला, आपण डब्याची सोय करू.

पाचवं, लग्न. नातीला आत्ताच एक स्थळ सुचवून झालं आहे. मी सुचवणाऱ्या बाईंना सांगितलं, 2031 मध्ये या.

विहीणबाई स्टेशनवर निरोप द्यायला आल्या होत्या. गाडी हलली तेव्हा रडल्या, पण पिशवीतून त्यांनीच केलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा काढून खिडकीतून दिला. माझी लेक रडली नाही. गाडी गेल्यावर ती तशीच उभी राहिली. मी जवळ जाऊन म्हटलं, "2001 साली माझं चुकलं गं." ती म्हणाली, "माहीत आहे, आई. चल, शेवटची ट्रान्स-हार्बर चुकेल."

पुढच्या स्वाध्यायाला हा कागद घेऊन येणार आहे. जिने विचारलं होतं, तिने माझ्या शेजारी बसावं. तिची मुलगी यंदा अकरावीला आहे.